दाताळं फिरायच्या आधी

मामाच्या वाफ्यातल्या वांग्याच्या रोपांनी पुन्हा माना टाकल्या होत्या, माती जागोजागी उकरलेली होती. आरोपी तयारच होता : प्रोफेसरचा कुत्रा भोपळ्या. आज दुपारी त्याला कायमचं दूधवाल्याकडे धाडायचं ठरलं होतं.

प्रोफेसर म्हणजे मामाचा मुलगा. घरात कुणी काही बरं केलं की "अगदी प्रोफेसरसारखं" हेच सर्टिफिकेट मिळे. सुट्टीला आलेल्या मिठूचा त्यावर नुसता जळफळाट व्हायचा. भोपळ्यासुद्धा तिच्या हातचं बिस्किट खाऊन त्याच्याच पायाशी लोळायचा. म्हणून काल प्रोफेसर रडवेला झाला, तेव्हा तिला मनातून बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला?

प्रोफेसर पुस्तकांत चोर शोधत होता. त्याच्या आधी आपल्याला सापडावा, एवढ्याच हेतूने मिठू उजाडताच धाकट्या भावाला, टिल्लूला घेऊन वाफ्यावर गेली.

खड्डे इवलेसे होते, जेमतेम अंगठा जाईल एवढे. भोपळ्या उकरायचा तेव्हा मागे मातीचा ढीग पडायचा. इथे ढीगच नव्हता. इतक्यात चिकचिक करत एक चिचुंद्री आली, लांबुडकं नाक मातीत खुपसून तिने एक पांढरी अळी ओढली आणि पळाली. मिठूने सुकलेलं रोप उपटलं. मुळं कुरतडलेली, खाली तसल्याच गुबगुबीत अळ्या.

"हुमणी!" टिल्लू म्हणाला. मामाने घाईघाईने घातलेल्या कच्च्या शेणखतातही त्याने त्या पाहिल्या होत्या.

आता गप्प बसलं तर भोपळ्या जाणार आणि प्रोफेसरची चांगली जिरणार. मिठू गप्प बसलीसुद्धा, मामा माती सारखी करायला दाताळं घेऊन येईपर्यंत. मागून शेपटी हलवत भोपळ्या आला आणि ती पुढे झाली.

"थांब मामा! रोज आधी दाताळं फिरवून खुणा पुसतोस आणि मग चोर शोधतोस. रोपं खातेय हुमणी, तुझ्याच खतातली. चिचुंद्री तर तिला खायला येते."

मामाने खत उकरून पाहिलं आणि कान पकडले. दूधवाल्याचा बेत रद्द झाला. मामीने मिठूला जवळ घेतलं. "किती हुशार गं! अगदी प्रोफेसरसारखी!"

मिठूच्या डोक्यात तिडीक गेली.

"माझ्यासारखी नाही," भोपळ्याला कवटाळून प्रोफेसर म्हणाला. "मला नाही सुचलं हे."

त्याचा चेहरा आंबट झाला होता. हा चेहरा मिठूने रोज आरशात पाहिला होता. आज पहिल्यांदाच तिला प्रोफेसर आवडला.