मंजूर म्हनू नको

हाव, पाहून राह्यलो मी मघापासून. बटन दाबता, मोबाईल सांगते कोन, कुठं, काय झालं, आन् तुम्ही तसं सोंग घेऊन गोष्ट पुढं ढकलता. खेळा ना बाप्पा, कोन नाही म्हनते? फक्त डिंपल, त्या पात्राच्या रकान्यात घरच्या मानसाचं नाव टाकू नको. कुलदीपचं बी नाही. पुस ते अगोदर. पुसलं? मंग बसा आता, लाईट काही लवकर येत नाही. काऊन नको म्हनतो ते सांगतो.

माह्या चुलतभावाच्या घरची गोष्ट आहे. इथं जानेफळच्या अलीकडंच त्यायचं घर. चुलतभाऊ लवकर गेला. मांगं राह्यले तानुबाई वहिनी, पोरगा गोकुळ आन् धाकटी पुष्पांजली. पुष्पी म्हनो आमी तिले. पोट्टी लय हुशार. कॉलेजच्या अंकात तिच्या गोष्टी छापून येत. हा खेळ घरात तिनंच आनला. गोष्ट सुचत नसली का बटन दाबायचं, तीन रकाने भरून येत. पात्र, जागा, घटना. पात्रात तिनं आपलं आन् गोकुळचं नाव घालून ठेवलं होतं. एकडाव दाबलं का दोघायचं एकेक निंघे, घरच्या कामाले पहिलं निंघन ते धरत. कायदा एकच, जे निंघन त्याले 'मंजूर' म्हनायचं. दुसऱ्यांदा दाबायचं नाही.

मंग काय, घरच्या कामाले बी तेच! भांडे कोन घासन? दाब बटन. ढोरं कोन सोडन? दाब बटन. तानुबाई कपाळाले हात लावे.

पुष्पी डावखुरी होती. डोक्यावर घागर घ्याले बाया कापडाची चुंबळ वळतेत ना, त्याले ही पोट्टी उलटा पीळ देये. तानुबाई खेकसे, "अवं सुटन ते, सरळ वळ!" पन कधी सुटली नाही तिची चुंबळ.

तवाच्या उन्हाळ्यात नळ बंद होता. इहिरीवरून पानी आनाची पाळी गोकुळची. तो लोळत पडलेला. म्हने, "मी नाही जात, दाब बटन." दाबलं. पात्र, पुष्पांजली. जागा, इहीर. घटना, कोनीतरी वाट पाहून राह्यलं.

हसली पोट्टी. "मंजूर," म्हने, आन् घागर घेऊन गेली.

पुलाजवळच्या इहिरीचा दगड सरकला. संध्याकाळी काढलं तिले.

गोकुळ त्या दिवसापासून हसलाच नाही. तानुबाई जेवली तं जेवली, नाही तं ताट तसंच झाकलेलं. माह्याच्यानं पाहावत नव्हतं ते घर. आखाजी, म्हंजे अक्षय तृतीया, जवळ आली तवा म्या म्हनलं, "वहिनी, पहिलं वर्स आहे. नवी घागर भरा तिच्या नावानं. पोट्टी निवन तिकडं." वहिनीले पटलं. गोकुळले नाही पटलं. मले म्हने, "काका, घागर भरली का ती पितरांत गेली. मंग हाक बी मारता येत नाही. एकडाव घरी येऊ द्या तिले. आईच्या पुढं बसून जेवू द्या. मंग भरू."

तरी आईच्या शब्दाखातर गेला मेहकरले घागर आनाले. आखाजीची आदली रात होती. बीजेची चांदकोर, दिवस बुडाल्यावर उलीशीक दिसली आन् गेली. सनाची गर्दी, त्याले निंघाले उशीर झाला. घागर मोटारसायकलच्या मांगं ठेवली, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं गच्च बांधली.

मी जेवून बाजेवर पडलो होतो. फोन आला.

"काका, गाडी बंद पडली."

"कुठं?"

"पुलाजवळ. तिच्या इहिरीपाशी."

मी उठलोच. म्हनलं, "तठीच थांब, मी येतो. फोन ठेवू नको." फोन कानाले लावून पायात चप्पल शोधून राह्यलो होतो, तं हा म्हनते, "काका, म्या बटन दाबलं."

"काऊन बे?"

"तिचं नाव पुसलंच नव्हतं म्या... ऐका ना. पात्र, पुष्पांजली. जागा, घर. घटना, परत येते."

आन् पोरांहो, हसला तो. वर्सभरानं हसला. "आई जेवन काका! आई जेवन आता!"

म्या म्हनलं, "गोकुळ, खेळ दोघायचा आहे. तुह्यं काय निंघालं?"

हसू थांबलं त्याचं.

"गोकुळ?"

"माह्यं... इहीर."

"घटना?"

"कोनीतरी वाट पाहून राह्यलं."

"मंजूर म्हनू नको! अबे गोकुळ, फेकून दे तो मोबाईल! मंजूर म्हनू..."

तिकडं काहीच नाही. वारा बी नाही.

मंग त्याचा आवाज आला. माह्यासंग नव्हता बोलत.

"हाव... हाव, पुष्पे. पाळी माहीच होती."

...

"मंजूर."

पानी वाजलं. एकडावच.

मी पोहचलो तवा गाडी स्टँडवर उभी होती. दिवा चालू. मोबाईल इहिरीच्या काठावर, उजेड तसाच. घागर नव्हती. दुपट्टा नव्हता. म्या लय हाका मारल्या, पोरांहो. लय मारल्या. गळा बसला माहा. गावातले लोक आले, गळ टाकले, उजाडता उजाडता निंघाला.

वहिनीले सांगाले मीच गेलो. दुसरं कोन जाईन? तर घरात चूल पेटलेली, दोन ताटं वाढलेले. मले पाहून उठली. म्हने, "कडूबा भाऊजी, पुष्पी आली होती जी! दारातून हाक मारली, आई भूक लागली. मी दार उघडलं तं कोनीच नाही. तुम्हाले दिसली का?"

खालीच बसलो मी उंबरठ्यावर. तठी घागर ठेवली होती. मेहकरची, नवी कोरी. आतून कोरडी ठनठनीत. गाडी तठी पुलाजवळ, पोरगा इहिरीत, आन् घागर घरी.

त्याच दिवशी आखाजी. त्या घागरीत पानी भरलं आमी, गोकुळच्या नावानं. पुष्पीची राह्यलीच. वहिनीले त्यानंतर दारातून हाक आली नाही. ताटं मातर अजून बी दोन वाढते ती. जेवत कोनी नाही.

घागर उचलली तवा खाली गोकुळचा दुपट्टा होता. गोल वळून, चुंबळ करून ठेवलेला. वहिनीनं तो अजून सोडला नाही, कोनाड्यात आहे.

म्या हातात घेऊन पाह्यला. पीळ उलटा आहे.