तेरेवाडीहून फोन

फाल्गुन लागला होता. शाळा सुटल्यावर विभावरी जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या बाजारात सायकलचं मागचं कॅरियर बसवून घ्यायला गेली, आणि मिस्त्रीला तिने तिथेच बजावून सांगितलं, "भैया, ऐसा कसो कि समुंदर तक हिले नहीं." मिस्त्री हसला. जबलपूरच्या माणसाला समुद्र म्हणजे नकाशातली निळी कड. नर्मदा असताना समुद्राची आठवण कोणाला येते?

विभावरीला येत होती. ती खमरियात एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. चाळिशी ओलांडली तरी मैदानाला चार फेऱ्या मारून तिला धाप लागत नसे. तिचा नवरा आल्हाद तिथल्याच दारूगोळ्याच्या कारखान्यात मशीनवर होता. लग्न झाल्यापासून दोघांची प्रत्येक रजा नागपूर, वर्धा नाहीतर यवतमाळच्या कोणाच्या तरी लग्नात गेली होती. सुट्टी म्हणजे मांडवाखाली बसून बुंदी खाणं. यंदा तिने ठरवलं होतं की कोणाच्या लग्नाला जायचं नाही. कोकणात जायचं, आणि तेही नुसतं वाळूत लोळायला नाही. सकाळी किनाऱ्याकिनाऱ्याने सायकल चालवायची, दुपारी खाडीत होडी वल्हवायची, ऊन उतरलं की पोहायचं. त्यासाठी दोघं पहाटे डुमना रोडला सायकली पळवत होते. आल्हाद तर या वयात पोहायलाही शिकला होता.

"बुडालो तर?" तो गमतीने म्हणायचा.

"मी आहे ना," विभावरी म्हणायची. ती हे नुसतं धीर द्यायला म्हणत नसे. तिला तशी खात्रीच होती.

राहायला जागा तिनेच शोधली. तेरेवाडी नावाचं खाडीच्या तोंडावरचं लहानसं गाव, तिथे सत्यवती नावाच्या बाईंचं घर. दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या. फोटोत नारळाच्या झावळ्या, लाल चिऱ्याची भिंत आणि भिंतीपलीकडे लखलखणारं पाणी होतं. एका रविवारी दुपारी, आल्हाद आत झोपलेला असताना, विभावरीने व्हरांड्यात बसून तिथे फोन लावला.

पलीकडचा आवाज वयस्कर आणि गोड होता.

"खोली आसा, बाय. मागली देतंय. तुमका सकाळचा ऊन डोळ्यांवर नको ना."

विभावरीला बरं वाटलं. सकाळचं ऊन डोळ्यांवर आलं की तिचं कपाळ दुखायला लागे, ही गोष्ट खरी होती. आपण हे त्यांना कधी सांगितलं, हा प्रश्न तिला फोन ठेवल्यावर पडला. पण फोनवर बोलताना माणूस काय काय बोलून जातो. तिने तो विचार झटकला आणि चहा टाकला.

पुढच्या आठवड्यात होडीची चौकशी करायला तिने पुन्हा फोन केला. वल्ह्याची होडी भाड्याने मिळेल का, खाडीत ओढ किती असते, भरती-ओहोटीचं कोणाला विचारायचं, असं सगळं तिला पक्कं करून घ्यायचं होतं. सत्यवतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग हसल्या.

"अगो, चेष्टा करतंस काय? तुमी कालच इल्यात ना!"

"आम्ही? नाही हो. आम्ही अजून जबलपूरलाच आहोत."

"ह्या बघ, जबलपूरचीच म्हणून सांगितलात तुमी. दोन सायकली अंगणात आसत. विभाबाय, किती ती चेष्टा!"

तेवढ्यात पलीकडे, फोनपासून लांब, कोणीतरी मोकळं हसलं. विभावरीने ते हसणं ओळखलं. मैदानावर पोरींचा सामना जिंकला की ती स्वतः अशीच हसायची. हसण्याच्या शेवटी छातीतून यायची ती किंचित घोगरी उचकी, तीही त्यात होती.

तिने फोन कापला आणि आल्हादला उठवलं. त्याने डोळे चोळत सगळं ऐकून घेतलं.

"दुनियेत एकच विभावरी आहे काय? असेल दुसरी कोणी. म्हातारीचा घोळ होऊन राहिला."

"जबलपूरचीच? सायकलीवाली?"

"मग भेटू ना तिथं. तुझ्याएवढी बोलणारी असली तर मला आराम!"

ती हसली. उजेडात अशा गोष्टी हसण्यावारी नेता येतात. बाहेर कडक ऊन होतं, कडुनिंबाची पानगळ अंगणभर सरसरत होती, आणि लांब तोफांच्या चाचणीचा धप्प आवाज नेहमीसारखा खिडक्यांच्या काचा थरथरवून गेला. खमरियातल्या माणसाला त्या आवाजाची इतकी सवय असते की तो झाला नाही तरच चुकल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या वेळी फोन तिकडून आला.

भर दुपार होती. शाळेला सुट्टी, आल्हाद ड्यूटीवर. वसाहतीत त्या वेळेला इतकी शांतता असते की शेजारच्या बेबीताईंच्या घरातला पंखा ऐकू येतो. विभावरी सायकलची साखळी पुसत व्हरांड्यात बसली होती. फोन वाजला आणि त्याच वेळी तिच्या नाकात एक वास शिरला. कोरड्या, तापलेल्या, मोहाच्या फुलांच्या गोड वासाने भरलेल्या त्या दुपारी कुठून तरी ओल्या दोराचा, खाऱ्या चिखलाचा, सुकत घातलेल्या मासळीचा वास आला. तिने तेलकट हातानेच फोन घेतला.

सत्यवतीबाईंचा आवाज पार बसला होता.

"बाय... मी कोणाक सांगू, माका सुचत नाय... विभाबायचो घोव सकाळी होडी घेवन गेलो... अजून इलो नाय."

"बाई, तुम्ही चुकीच्या ठिकाणी..."

"होडी गावली. उपडी. तो नाय गावलो." बाई रडत होत्या. "आणि ही अशी दगडासारखी बसली आसा. बोलत नाय, रडत नाय. नुसता तुझा नंबर दाखवता. खुणेन लाव म्हणता."

आल्हाद कारखान्यात आहे, सकाळी डबा घेऊन गेला आहे, हे विभावरीला पक्कं माहीत होतं. पण आत मोबाइल नेता येत नाही. संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत त्याचा आवाज ऐकायची सोय नव्हती. तरी ती मैदानावरची बाई होती. पोरगी पडली, हाड मोडलं, तर आधी आवाज स्थिर ठेवायचा, हे तिच्या अंगात मुरलं होतं.

"तिला फोन द्या," ती म्हणाली.

फोन हातातून हातात गेला. लाटेचा आवाज आला, मग श्वासाचा. ओला, जड श्वास. आणि मग तिचाच आवाज, खालच्या पट्टीत, अगदी जवळून.

"काहून घाबरून राहिली? मीच आहे."

विभावरीने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"तुझा आहे ना घरी?"

"कोण बोलतंय?"

"आहे ना गं?... सकाळी निळा शर्ट घालून गेला ना?... माझा पण तोच घालून गेला." थोडा वेळ नुसतं पाणी वाजत राहिलं. "मी आहे ना, असं म्हटलं होतं मी त्याला. बघितलं, त्याचा हात वर आला होता... मी पोहत गेले... नाही पोचले."

"हे बघा..."

"तू ये ना इकडं." आवाजात आता एक अजब लाडिकपणा आला. कोणाला खाऊ दाखवून बोलवावं तसा. "सुट्टी घेतली आहे ना? ठरल्याप्रमाणे ये. त्याला घेऊन ये... माझा गेला. तुझा आण."

व्हरांड्यातल्या उन्हात विभावरी गारठून उभी होती. क्षणभर तिला त्या बाईची कीव आली, इतकी की डोळे भरले. आपल्यावर ही वेळ आली असती तर आपण काय केलं असतं, हे तिला स्वच्छ दिसलं. आपणही असाच फोन लावला असता. तेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं. म्हणूनच ती शब्द तोडत म्हणाली, "माझा माणूस मी देणार नाही. ऐकलं? पुन्हा फोन करू नकोस."

पलीकडून फक्त हसण्याच्या शेवटी येणारी ती घोगरी उचकी आली, पण हसण्याशिवाय.

भोंगा होण्याच्या कितीतरी आधी विभावरी गेटसमोर जाऊन उभी राहिली. भोंगा झाला. सायकली, स्कूटर, मोटारसायकलींचा लोंढा बाहेर पडला. निळा शर्ट दिसला तेव्हा तिने चारचौघांत जाऊन त्याचा दंड घट्ट धरला.

"अवो, काय झालं?" आल्हाद गोंधळला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"तू बरा आहेस ना?"

"आता बरा आहे. दुपारी मात्र अचानक दम कोंडला. मशीन बंद करून खाली बसलो. सगळे म्हणे उन्हाचं आहे." तो ओठांवरून जीभ फिरवत म्हणाला, "पण तोंडात खारट चव आली होती गं. अजून जात नाही."

तिने त्याला घरी येऊन सगळं सांगितलं. मग त्याने तिच्याच फोनवरून तेरेवाडीला फोन लावला आणि आवाज दोघांना ऐकू येईल असा मोठा केला.

"होय, खोली आसा," सत्यवतीबाई प्रसन्नपणे म्हणाल्या. "कधी येतास? नाव काय तुमचा?"

"आमच्या मिसेस बोलल्या होत्या तुमच्याशी. जबलपूरहून."

"नाय बा. जबलपूरचा कोण नाय बोलला. यंदा अजून एकव पावणो इलो नाय बघा. होडी तर गेल्या पावसापासून उतरवूकच नाय."

फोन ठेवल्यावर आल्हाद म्हणाला, "चलो, रद्द करू. घरी बसू. आमरस खाऊ."

"सुट्टी रद्द होणार नाही," विभावरी म्हणाली. तिचा आवाज आता तिचा तिला परत मिळाला होता. "तेरेवाडी रद्द. समुद्र काय तिच्या एकटीचा आहे? दुसऱ्या बाजूला पण आहे."

आणि ते खरोखरच दुसऱ्या बाजूला गेले, ओडिशात गोपालपूरला. गाड्या बदलत, जनरल नॉलेजच्या पुस्तकातली स्टेशनं मोजत. सूर्य तिथे पाण्यातून उगवत होता. भाड्याच्या सायकलींवर त्यांनी सुरूच्या बनांमधून वाट काढली, खारवलेल्या वाऱ्यात टाचा दुखेपर्यंत चालले, चिंचेच्या आमटीसारखं काहीतरी भाताबरोबर ओरपलं. पोहायला विभावरीने एकच नियम ठेवला. तिचा हात पोचणार नाही इतका आल्हाद लांब जायचा नाही. पहिल्या दिवशी ती पाण्यात उतरली तेव्हा फोनवर ऐकलेला तो वर आलेला हात तिला आठवत होता. तिने ते त्याला कळू दिलं नाही. शेवटच्या दिवशी ती लाटेवर पाठ टाकून आकाशाकडे बघत पडली होती, आणि शेजारी आल्हाद बेसूर गात होता. जिंकलो, असं तिला वाटलं. अंगावरचं मीठ चाटत ती मोठ्याने हसली.

परत आले तेव्हा जबलपूर तापलेलं होतं. डुमना रोडचा पळस झडून गेला होता. रिक्षातून सामान उतरवताना बेबीताई कुंपणाशी आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर नवल होतं.

"अवं विभा, आता कुठून येऊन राहिली? तू तर परवाच आली ना?"

"परवा आम्ही गाडीत होतो, बेबीताई."

"लो! दुपारी आलीस. एकटीच. मी म्हटलं, अच्छा, आल्हादभाऊ मागून येत असतील." बेबीताईंनी आवाज खाली घेतला. "पार निथळत होती तू. केस, साडी, सगळं. मी विचारलं, बाप्पा, भर उन्हात भिजली कुठं? तू काहीच बोलली नाही. आल्हाद आला का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही. मग हात पुढं केला. मला ठेवायला दिलेली घराची चावी मागितली."

आल्हादच्या हातातली बॅग खाली टेकली.

"आणि?" विभावरी म्हणाली.

"दिली ना. तुझ्या घराची चावी तुला नाही देणार काय?" बेबीताई दोघांकडे बघत राहिल्या. "ती परत काहून नाही दिली गं मला?"

विभावरीने स्वतःजवळच्या चावीने दार उघडलं आणि आल्हादला मागे ठेवून आधी स्वतः आत गेली. घर जसं ठेवलं होतं तसंच होतं. ओट्यावर धूळ, कॅलेंडर मागच्याच पानावर. जमीन कोरडी होती. पलंगाखाली, मोरीत, कपाटांच्या मागे तिने बघितलं. कोणी नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिने दाराचं लॅच बदलून घेतलं. पितळी, जाड, चांगल्यातलं. दोन्ही चाव्या तिने आपल्या गळ्यातल्या साखळीत अडकवल्या आणि आल्हादला म्हणाली, "झालं. आता जेवू."

ती जेवली, झोपली, शाळेत जाऊ लागली. आजही ती ठणठणीत आहे, आल्हादही आहे. खमरियात कोणालाही विचारा, दोघं अजून पहाटे सायकली काढतात. फक्त आठवड्याभरातच ते नवं लॅच अडकू लागलं, म्हणून आल्हादने ते स्क्रू काढून उघडलं. या शहरात वैशाखात पाण्याची वाफसुद्धा टिकत नाही, आणि पितळ हिरवं पडलं होतं. खाचांत पांढऱ्या मिठाचे खडे बसले होते. विभावरीने ते बोटाने खरवडून बघितले. दुसरं लॅच आणलं. त्याचंही तेच झालं. आता तिसरं आहे.

रस्त्याकडची बाजू दर वेळी कोरी करकरीत असते. मीठ चढतं ते घराच्या आतल्या बाजूने.