उज्वलाला दिलेला शब्द

मोतीरामबुवा त्या सकाळी रामकुंडावर निघाले, ते एका जुन्या स्नेह्याला आधार द्यायला. मखमलाबादला शेवंतीचा मळा करणारा पुंजा हा त्यांच्या भजनातला टाळकरी. त्याची एकोणीस वर्षांची उज्वला तीन दिवसांच्या तापाने गेली होती. आज तिचा दहावा.

बुवांची नात दीपमाला तिची जिवाभावाची मैत्रीण. पण ती दहा दिवस कॉम्प्युटरपुढून हलत नव्हती. ऑर्कुटवर उज्वलाचे पान होते, आणि गेलेल्या मुलीला उद्देशून त्यावर काहीबाही लिहायची टूम कॉलेजात निघाली होती. तीनशेजणांनी लिहिले होते.

"यातून कोणाचे भले होते, दीपा?" बुवांनी आदल्या दिवशी विचारले होते.

"सगळेच लिहितात, आजोबा. नाही लिहिलं तर म्हणतील, हिला काही वाटतच नाही."

"वाटणे निराळे, बाळ, आणि दाखवणे निराळे. हाक ही खेळायची वस्तू नव्हे. नाम घेतले की नामी धावत येतो, हे मी चाळीस वर्षे कीर्तनात सांगतो आहे."

"देव येत असेल. नेटवर कोण येणार?" ती हसली होती.

कुंडावर पिंड मांडला. ओल्या दर्भाचा आणि कुजत्या फुलांचा वास हवेत गच्च भरून होता. कठड्यावर कावळे ओळीने बसले होते. मान वाकडी करून पाहत होते, पण एकही उतरेना. पुंजा हात जोडून शब्दामागून शब्द देत होता. धाकटीला शिकवीन, तुझ्या आईला जपेन, मळ्यातली पहिली फुले तुझ्या नावाने देवाला वाहीन... तास उलटला. एकही कावळा ओरडला नाही. गुरुजींनी अखेर दर्भाचा कावळा करायला घेतला, तसा पुंजा बुवांकडे वळला.

"बुवा, पोरीचा जीव कशात अडकला असंल हो? तुमच्या दीपीला ठाऊक असंल. इचारा की."

बुवांनी मोबाइल लावला. "दीपा, उज्वलाची काही इच्छा राहिली होती का ग?"



"तिला एकटीला भीती वाटायची, आजोबा. दवाखान्यातून निरोप धाडला होता, सोबतीला ये म्हणून. माझी परीक्षा होती... मी गेले नाही."

"मग?"

"म्हणून आता तिच्या पानावर लिहिलंय. 'घाबरू नकोस, उज्वला. तू हाक मार, मी येते.' सगळ्यांना खूप आवडलंय."

पंख फडफडले. ओळीतला सर्वांत मागचा कावळा सरळ खाली आला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

"शिवला, शिवला," माणसे पुटपुटली. पुंजाने बुवांचे पाय धरले. "तुमचे उपकार, बुवा. कोणता शब्द पोचला म्हणायचा?"

हातातल्या मोबाइलमधून दीपमाला विचारत होती, "आजोबा, काय झालं?"

नाशिक रोडला घरी पोचताच त्यांनी चपलाही न काढता सांगितले, "ते लिहिलेले पूस." त्यांचा चेहरा पाहून तिने थट्टा केली नाही. त्यांच्यादेखत ती ओळ पुसली.

दिवेलागण झाली. बुवांनी देवापुढे निरांजन लावले आणि माळ हाती घेतली. पण हयातीत प्रथमच त्यांची जीभ नामापाशी अडखळली. कोणालाही, कोणत्याही नावाने, आज हाक मारू नये असे त्यांना वाटले. ते ओठ मिटून बसून राहिले. घरात तिसरे माणूस नव्हते. कुठून कोण जाणे, ओल्या दर्भाचा वास येत होता.

आतल्या खोलीतून दीपमाला म्हणाली, "आले हं."

माळ बुवांच्या बोटांत थिजली. "कोणाला... ओ दिलीस?"

ती दारात आली. एका पायात चप्पल होती, दुसरी ती उंबऱ्याशी चाचपडत होती.

"तुम्हीच ना, आजोबा? तीनदा मारलीत हाक."