पुण्याला पोचवायचा चार्जर

"हा लॅपटॉप चालू करून दाखवा," शारजा विमानतळावरचा तपासणी अधिकारी अगदी नम्रपणे म्हणाला, आणि ईश्वरीनं बटण दाबलं, तरी स्क्रीन काळीच.

लॅपटॉप तिचा नव्हताच मुळी. शारजातल्या अल नहदात तिच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शोभनाकाकूंनी निघता निघता तो तिच्या हातात कोंबला होता. "भाच्याला द्यायचाय गं पुण्यात, तेवढा ने." आता आखातात राहायचं, सुट्टीला गावी निघायचं आणि शेजाऱ्यांच्या पार्सलला नाही म्हणायचं, हे आजवर कुणाला जमलंय? खजूर जातो, अत्तर जातं, तसा लॅपटॉपही जातो. चार्जर मात्र काकूंनी दिला नव्हता, आणि बॅटरी ठार मेलेली.

"चालू हो की रे मेल्या," ती बटण दाबत पुटपुटली. मागून कुणीतरी "यल्ला, यल्ला" करत घाई केली.

"शिव्या दिल्यावर नाही चालू होत ते," रांगेत तिच्या लगेच मागून मराठी आवाज आला. "माझ्याकडे एक चार्जर आहे... लावून बघू?"

उंच, किंचित वाकून उभा राहणारा, डोळ्यांत हसू असलेला तरुण. बाजूच्या प्लगला लावलेला चार्जर लॅपटॉपला बरोब्बर बसला, स्क्रीन उजळली, अधिकाऱ्यानं हसून मान हलवली.

"तुमचाही लॅपटॉप हाच?" ईश्वरीनं विचारलं.

"छे. हा चार्जर एका काकूंनी दिलाय, पुण्याला पोचवायला."

"शोभनाकाकू?"

"...शोभनाकाकू."

दोघंही हसत सुटली. बॅग जड होऊ नये म्हणून काकूंनी सामान वाटून दिलं असणार, असं ईश्वरीनं स्वतःच ठरवून टाकलं. भाबडी बिचारी! त्यानं नाव सांगितलं, निनाद. तिनं आपलं सांगितलं, तेव्हा तो नजर चुकवून चार्जरची वायर गुंडाळू लागला. लाजाळू दिसतोय, तिला वाटलं.

विमानात त्यानं तिच्या शेजारच्या आजोबांना सीट बदलायची विनंती केली, आणि आजोबा खुशीत उठले. फोन फ्लाइट मोडवर गेले. वर, ढगांच्या पार गेल्यावर, लॅपटॉप उघडायला परवानगी मिळाली तसा निनादनं आपला उघडला. तो शारजाजवळच्या हमरियातल्या रंगाच्या कारखान्यात नव्या छटा तयार करायचा. स्क्रीनभर रंगांचे चौकोन होते, बिननावाचे.

"द्या नावं," तो म्हणाला.

"हा... भिजवलेल्या आमसुलाचा."

"आणि हा?"

"आईच्या धुवून धुवून मऊ झालेल्या साडीचा." ती खिडकीकडे वळली. बाहेर संध्याकाळ सांडली होती, केशरी, मग जांभळी, मग नुसतीच ओली निळी. "आणि तो बाहेरचा?"

"तो मला अजून जमलेला नाही," तो तिच्याकडे बघत हळूच म्हणाला.

खुर्च्यांमधल्या हातावर दोघांची कोपरं टेकली होती... कुणीच हलवली नाहीत. खालून समुद्र सरकत होता म्हणे. ईश्वरीला विचाराल तर सारं जग जागच्या जागी थांबलं होतं.

मग ती बोलत गेली. तीनदा बघायला आलेली माणसं. एका मुलाच्या आईनं तर तिला चालून दाखवायला सांगितलं होतं. "गेल्या महिन्यात काकूंनी चौथा आणला, तर मी नाव-फोटो काही न बघता नकार दिला. खलास. आता मला कुणी दाखवायला ठेवायचं नाही. मी अशीच, वाटेत कुठेतरी... कुणाला आवडले तर आवडले."

निनाद स्क्रीनकडे बघत राहिला.

"लॅपटॉप बंद करून ठेवा, आपण उतरतोय," हवाईसुंदरी सांगून गेली. त्यानं झाकण मिटलं. आता बघायला समोर काहीच उरलं नाही, तशी त्याला तिच्याकडे बघावंच लागलं.

"ईश्वरी... तो चौथा मीच."

कानांत दडे बसले होते, तरी तिला नीट ऐकू आलं. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे इथेही तिला दाखवायलाच ठेवलं होतं? तो चार्जर, ती रांग, सगळं ठरवून?

"मिलीभगत होती तर तुमची."

"काकूंची असेल. माझी नाही. रांगेत तुम्ही त्या लॅपटॉपला मेल्या म्हणालात ना, तेव्हाच मला... आवडलात. नाव नंतर कळलं. लगेच सांगायला हवं होतं, पण वाटलं, उठून जाल."

"विमानातून कुठे जाणार होते?"

त्याला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं.

"गप्प राहिला असतात तर मला कळलंही नसतं," ती म्हणाली.

"म्हणून तर सांगितलं. तुम्ही इतकं मोकळं बोललात, आणि मी लपवून तुम्हाला मिळवायचं... नाही जमलं."

ईश्वरीनं तोंड फिरवलं. खाली पुण्याचे दिवे लुकलुकत होते. ती आतल्या आत राग शोधत राहिली आणि तो काही केल्या सापडेना. तिला तो आवडला होता. भारी आवडला होता. आणि त्यानं तिला निवडलं होतं ते मेल्या म्हणताना, केस विस्कटलेले असताना, कुणीही न दाखवता. याहून वेगळं तिनं मागितलं तरी काय होतं?

चाकं जमिनीला टेकली. आजूबाजूचे फोन एकदम किणकिणू लागले.

"उद्या संध्याकाळी मी येते तुझ्याकडे," ती पट्टा सोडवत म्हणाली.

"तू... माझ्याकडे? कशाला?"

"तुला बघायला. आणि पोहे तू करायचेस."