तिसरी तक्रार

टण्ण!

जिन्याच्या तोंडाशी टांगलेल्या पितळी लामणदिव्यावर कुणाचं तरी कपाळ आपटलं आणि सईच्या हातातली कॉफी बशीत सांडली.

सईच्या वडिलांच्या, राणोजीरावांच्या पेढीत नवखा माणूस आला की हे व्हायचंच. जॉर्ज टाउनमधली जुनी इमारत, खाली समया-लामणदिव्यांचं गोदाम, वर बुटक्या छताचं ऑफिस. पण आजवर आपटले ते सगळे पोट सुटलेले व्यापारी होते हो! हा मात्र पंचविशीतला, सावळा, शिडशिडीत. हातात बॅग, गळ्यात इंटरनेट कंपनीचं ओळखपत्र — एस. बालकृष्णन, इंजिनियर.

सईनं त्याला बघितलं... आणि जरा जास्तच वेळ बघितलं.

"आत्ये, बघ गे, नाक बरवं आहे याचं! फुटलं नाही ना?"

"आपटलं कपाळ, आणि तू नाक कशाला बघतेस?" हिशेबाच्या टेबलाशी बसलेल्या अन्नपूर्णाआत्यानं वरही न बघता विचारलं.

हे सगळं त्याच्या तोंडावर, बरं का! पण त्यांना कसली भीती? घराणं तंजावरचं, घरात बोलायची ती पिढ्यान्‌पिढ्या जपलेली जुनी मराठी, आणि अख्ख्या जॉर्ज टाउनात ती कळणारं कुत्रं नव्हतं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना "हा लबाड दिसतो गे" म्हणायची सोय! दोन-तीन वर्षांपूर्वी मद्रासचं चेन्नई झालं, पण ही सोय तेवढी कायम होती.

त्या पोराचे कान लालबुंद झाले. जोरात लागलं असणार बिचाऱ्याला, सईला वाटलं.

"सार, ही चक्क फसवणूक आहे," ती तमिळमध्ये म्हणाली. त्या दोघांचं बोलणं तमिळमध्येच व्हायचं. आपण ते आपल्या भाषेत ऐकू. "मोडेमच्या खोक्यावर लिहिलंय छप्पन्न. आणि पडद्यावर बघा — चार! परदेशातल्या गिऱ्हाइकाला समयांचे फोटो पाठवायचे तर माझं वय निघून जाईल."

"तुमचं वय जायला अजून अवकाश आहे, मॅडम," तो गंभीरपणे म्हणाला.

सईला हसू आलं, ते तिनं गिळलं.

"खोक्यावरचे छप्पन्न म्हणजे सेकंदाला छप्पन्न किलोबिट. तेही फार तर, सगळं मनासारखं असेल तर. जुन्या तारेवरून तेवढं येत नाही. तुमच्याकडे तेहतीस येतंय, आणि या भागात तेहतीस म्हणजे उत्तम."

"तेहतीस कुठंय? चार आहे की!"

"पडदा किलोबाइटमध्ये मोजतो. आठ बिट मिळून एक बाइट. तेहतीसला आठानं भागा."

सईनं मनात भागाकार केला. चार आणि वर थोडंसं... तोंडात मारल्यासारखं झालं तिला. दोन आठवडे ती कंपनीच्या नावानं खडे फोडत होती!

"आत्ये, लाइन बरवी आहे," ती पुटपुटली. "मीच शहाणी."

"ते मला ठाऊक होतं," आत्या म्हणाली. "कॉफी दे त्याला."

त्यानं कॉफी घेतली आणि तो गेला. जाताना लामणदिवा आठवणीनं चुकवला, पण मागं वळून बघायच्या नादात दाराची चौकट लागली. सई पोट धरधरून हसली. आणि मग संध्याकाळपर्यंत तिचं कशातच लक्ष लागेना.

आठवडा गेला. लाइन ठणठणीत, फोटो वेळेवर जात होते, आणि सईला मात्र चैन पडत नव्हतं. शेवटी तिनं फोन उचलला नि दुसरी तक्रार ठोकून दिली — इंटरनेट फार मंद चालतं!

बालकृष्णन आला तो संध्याकाळी. बंदरावरून खारट वारा सुटला होता, खाली गल्लीत मोगऱ्याचे गजरे आले होते, आणि सईनं आज मुद्दाम निळी साडी नेसली होती. त्यानं दोनशे चाळीस किलोबाइटचा एक फोटो उतरवायला लावला नि घड्याळ बघत बसला. बरोबर एक मिनिट लागलं.

"म्हणजे सेकंदाला चार. लाइन चांगली आहे, मॅडम."

"पण... मला मंद वाटतं."

"वाटण्यावर जाऊ नका. वेग वाटत नसतो, मोजावा लागतो." तो खिडकीशी गेला. "इकडे या. ती हातगाड्यांची गल्ली बघा. बँडविड्थ म्हणजे एकेक गाडी किती पळते ते नव्हे. त्या कोपऱ्यावरून एका मिनिटात किती माल बाहेर पडू शकतो, ते. गल्ली रुंद असेल तर चार गाड्या जोडीनं निघतात. अरुंद असेल तर हमाल कितीही धावो..."

"आणि मध्ये गाय बसली तर?"

"तर गल्लीची रुंदी तेवढीच, पण माल कमी निघतो," तो हसला. "म्हणून प्रत्यक्ष किती निघाला ते मोजायचं. आणि एकदा मोजून भागत नाही. सकाळी मोजावं, दुपारी मोजावं, संध्याकाळी सगळं शहर लाइनवर असतं तेव्हा मोजावं... मग खरं काय ते कळतं."

"म्हणजे पुन्हा पुन्हा यावं लागतं?"

"खरं कळायला हवं असेल तर..."

दोघं गाड्या मोजत राहिले. मोजता मोजता दोघांचाही आकडा चुकला. खिडकी अरुंद होती. त्याची बाही तिच्या खांद्याला अगदी ओझरती लागली आणि सईच्या छातीत धडधड सुरू झाली.

"आत्ये," ती न वळताच मराठीत म्हणाली, "हसतो तेव्हा काय बरवा दिसतो गे!"

"सांगू का त्याला?"

"गप गे!"

बालकृष्णनला अचानक खोकल्याची उबळ आली. आत्यानं पाणी पुढं केलं.

त्यानंतर दोन आठवडे तो फिरकला नाही. येणार तरी कसा? लाइन नीट होती ना! सईनं तिसऱ्यांदा फोन उचलला. कंपनीत तक्रारी घेणारी अलमेलू एव्हाना तिचा आवाज ओळखत होती.

"पुन्हा तुम्ही? एकाच जागेवरून, एकाच इंजिनियरच्या कामावर तिसरी तक्रार! आता उद्या राममूर्ती सर स्वतः येणार. बालकृष्णन अजून कायम झालेला नाही हो. दोष त्याच्यावर आला की त्याची रवानगी नागरकोविलला."

सई ताडकन उभी राहिली. "तक्रार मागे घेते मी! आत्ता!"

"आता ते माझ्या हातात नाही, मॅडम. सर येतील, मोजतील, ठरवतील."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! नागरकोविल म्हणजे तमिळनाडूचं पार खालचं टोक. एक माणूस डोळ्यांसमोर यावा म्हणून हिनं खटपट केली, आणि त्याच माणसाला इतक्या लांब पाठवायची व्यवस्था करून बसली. रात्री तिला जेवण गेलं नाही. आत्यानं कपाळाला हात लावून बघितलं, ताप नव्हता.

दुसऱ्या दिवशी राममूर्ती आले. केस पिकलेले, चेहरा कडक. मागं बालकृष्णन, मान खाली घालून. सईकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. राममूर्तींनी दोन-तीनदा फोटो उतरवून बघितला, आकडे मांडले आणि चष्मा काढला.

"लाइन उत्तम आहे. मग तीन तक्रारी कशाच्या? एक तर गिऱ्हाईक खोटं बोलतंय, नाही तर इंजिनियरनं काम नीट केलेलं नाही."

सईनं तोंड उघडलं... पण त्याआधीच बालकृष्णन पुढं झाला.

"चूक माझी, सर. दोन्ही वेळा मोडेमची सेटिंग माझ्याकडून चुकली."

असं काही झालेलंच नव्हतं! हा धादांत खोटं बोलत होता... का? कुणासाठी? तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं आणि ती आत्याकडे धावली. भडाभडा बोलली, अर्थात मराठीत.

"आत्ये, काही चुकलं नाही याचं! लाइन पहिल्यापासून बरवी. मीच खोट्या तक्रारी केल्या गे... हा पुन्हा यावा म्हणून! मला आवडतो तो. फार आवडतो. आणि माझ्यापायी त्याला नागरकोविलला धाडताहेत! आता मी काय करूं?"

आत्या उत्तर द्यायच्या आत कॉम्प्युटरजवळून आवाज आला. शांत, आणि स्वच्छ मराठीत.

"काही करू नका. नागरकोविल तसं वाईट नाही. आणि कुणीतरी आपल्यासाठी इतकं रडतंय म्हटल्यावर माणूस आनंदानं जाईल."

आत्याच्या हातातली लेखणी खाली पडली.

"तुम्ही... तुम्हाला..." सईचा चेहरा लाल झाला, मग पांढरा, मग पुन्हा लाल. नाक! हसणं! 'बरवा दिसतो'! अगं आई गं... सगळं, सगळं ऐकलं होतं यानं!

"बाळकृष्ण शिंदे," तो हळूच म्हणाला. "वडील कराडचे, इथं आवडी गावातल्या कारखान्यात नोकरीला आले. शाळेत मास्तरांनी बालकृष्णन केलं, तेच राहिलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही माझ्यासमोर बोलणं बंद केलं असतंत." त्यानं आज पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "मला ते ऐकायचं होतं, सई. रोज ऐकायचं होतं."

"काय चाललंय इथं?" राममूर्ती ओरडले. त्या खोलीत काहीच न कळलेले तेवढेच एक होते.

सईनं पदरानं डोळे पुसले आणि ती त्यांच्यासमोर उभी राहिली. आता लाजून चालणार नव्हतं.

"सार, यांची काही चूक नाही," ती तमिळमध्ये ठणकावून म्हणाली. "सेटिंगबिटिंग सगळं खोटं. पहिली तक्रार मला काही कळत नव्हतं म्हणून केली. पुढच्या दोन यांनी यावं म्हणून केल्या. शिक्षा करायची तर मला करा. कनेक्शन तोडा हवं तर!"

राममूर्तींनी तिच्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग बराच वेळ चष्म्याच्या काचा पुसल्या.

"माझ्या नोकरीत वायरी कुरतडणारे उंदीर पाहिले, फोनवर कान लावून बसणाऱ्या सासवा पाहिल्या," ते पुटपुटले. "हा दोष पहिल्यांदाच पाहतोय." आणि एकदम दरडावून, "आता काही तक्रार आहे?"

"नाही, सार."

"मग मिटलं. नागरकोविलला मी दुसऱ्या कुणाला तरी धाडतो. बालकृष्णन, पाच मिनिटांत खाली ये... बरं, दहा."

ते जिना उतरून गेले आणि सई मटकन खुर्चीत बसली. कालपासून छातीवर बसलेला धोंडा एकदम उतरला होता. तिला रडूही येत होतं आणि हसूही. बाळकृष्ण तिच्यासमोर नुसता उभा होता, बॅग छातीशी घट्ट धरून, आणि गालातल्या गालात हसत होता.

"जाणार नाही ना आता?" तिनं विचारलं.

"नाही जाणार."

"नक्की?"

"नक्की."

आत्यानं घसा खाकरला. भाचीला चार शब्द सुनवायचे होते तिला, पण कुठल्या भाषेत? मराठी त्याला येत होती, तमिळमध्ये तो लहानाचा मोठा झाला होता आणि इंग्रजीत नोकरी करत होता. शेवटी तिनं नाद सोडला आणि सरळ त्यालाच म्हणाली,

"रविवारी ये. एकटा नको. आईबापांना घेऊन ये."