कपभर मैदा

वाढदिवसाच्या केकवर सुरी चालेना, तेव्हा पाहुणे हसले. बेकरीच्या मालकीणबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्याच संध्याकाळी धाकट्या सुनेला सांगितलं, "उद्यापासून भट्टीजवळ यायचं नाहीस."

सकाळी धाकटी खासगी गुप्तहेराकडे आली. सगळे त्याला बारीकराव म्हणत. अंगाने तो अजिबात बारीक नव्हता. सोबत त्याचा मेहुणा असे, त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे.

"थोरल्या जाऊबाई सगळं कपाने मापतात," धाकटी म्हणाली. "मी म्हटलं, त्यांचे कप ग्रॅममध्ये करून घेऊ, म्हणजे कुणीही केला तरी केक तोच. आता सगळे म्हणतात, मीच आकडे बिघडवले."

तिघं बेकरीत गेले.

"भावोजी, हा काटा खोटं बोलतोय," मेहुणा म्हणाला.

"बोलला तर मैद्याशी, साखरेशी, दुधाशी सारखंच बोलेल. केक लहानमोठा होईल, दगड नाही."

तरीही बारीकरावाने तसाच दुसरा कप घेऊन दूध आणि साखर तोलली. भिंतीवर कपांची ग्रॅममधली वजनं लिहिली होती, तेच आकडे आले.

कारागीर वैतागला होता. "धाकट्या बाई काट्यावरचा आकडा वाचायच्या, मी बघून भिंतीवर लिहायचो. कालचा वाढदिवसाचा केक त्याच आकड्यांनी तोललाय."

"कप कोण भरायचं?"

"थोरल्या बाई. त्यांचा कप त्या दुसऱ्याच्या हातात देत नाहीत."

थोरली टेबलापाशी होती. "त्याच पोत्यातल्या मैद्याचा हा माझा सकाळचा केक. खाऊन बघा."

केक मऊ होता. मेहुण्याने खात्री करायला तीन तुकडे खाल्ले.

"धाकटी शिकलेली आहे, मान्य," थोरली म्हणाली. बोलता बोलता ती चमच्याने मैदा हलकेच कपात सोडत होती. वरून सुरी फिरवून तिने तो सपाट केला. "पण हाताची चव काट्याला कुठून येणार?"

बारीकरावाने तो भरलेला कप उचलला आणि सासूबाईंना बोलावून घेतलं.

"काटा खरा, कारण दूध-साखर जुळली. मैदा चांगला, कारण हा केक मऊ आहे. लिहिताना चूक नाही, दोघांनी पाहिलंय. राहिला हा कप."

त्याने मैदा तोलला. एकशे वीस ग्रॅम. भिंतीवर एकशे सत्तर होते.

"कप तोच, मग वजन दुसरं कसं?" मेहुण्याने विचारलं.

"दूध दाबता येत नाही. साखरही फारशी दबत नाही. मैदा मात्र बोटांनी दाबला की जवळजवळ दीडपट मावतो. आकडे घेतले त्या दिवशी थोरलीने कप दाबून भरला. एरवी तिचा हात हलका चालतो, आत्ता आपण पाहिलाच."

सासूबाई थोरलीकडे वळल्या. "का गं?"

थोरलीने हात पुसले. "लोक माझ्या हातचा केक मागायला यायचे. हिला येऊन वर्ष झालं नाही, तर जो तो हिचं कौतुक करतो. कप तोलायचं ठरलं आणि तुम्ही म्हणालात, आकडे भिंतीवर लागले की तू आराम कर. मला आराम नको होता."

"आता मिळेल. उद्यापासून तू येऊ नकोस."

"त्या येतील," धाकटी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. तिने काटा थोरलीपुढे सरकवला. "भरा कप, जाऊबाई. रोज भरता तसा. आणि या वेळी आकडा तुम्हीच वाचा. मोठ्याने."