तेजलचा राईज बॉल

दुपारी साडेतीन वाजता शाळेच्या हॉलमध्ये सम्यका तायडे बॅट खांद्यावर घेऊन उभी होती आणि तिच्यासमोर कोणी म्हणजे कोणीच नव्हतं.

“राईज,” ती रिकाम्या हॉलला म्हणाली. जरा थांबून, “ड्रॉप.” मग किराणा दुकानात यादी वाचावी तसं भराभर, “राईज, चेंजअप, ड्रॉप, राईज.”

तिच्या डोळ्यांवर काळी नजरपट्टी होती, पोहायच्या चष्म्याहून थोडी रुंद. बाहेर भुसावळचं ऊन मैदान भाजून काढत होतं. मार्च लागला की दुपारचा सॉफ्टबॉल असा आत, चेंडूशिवाय चालायचा. खिडक्यांच्या काचा शाबूत राहतात म्हणून मुख्याध्यापक या पट्टीवर विशेष खूश होते.

भिंतीवरच्या पडद्यावर आकडा उमटला: चाळीसपैकी एकोणचाळीस.

“पट्टी बिघडली वाटतं,” कुंदा वाघुळदे म्हणाली. ती शाळेची खेळाची शिक्षिका. पन्नाशीची, गळ्यात शिट्टी, हातात पाण्याची बाटली.

“माझं बरोबर आलं की पट्टीच कशी बिघडते हो मॅडम?”

सॉफ्टबॉलमध्ये पिचर त्रेचाळीस फुटांवरून हात चक्रासारखा फिरवून खालून चेंडू सोडते. तो बॅटरपर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही आणि त्यातला जवळजवळ निम्मा वेळ बॅट फिरवण्यातच जातो. उरलेल्या एवढ्याशा वेळात ठरवायचं असतं: चेंडू छातीकडे चढणार आहे, म्हणजे राईज, गुडघ्याशी बुडणार आहे, म्हणजे ड्रॉप, की वेगाचा नुसता आव आणून रेंगाळत येणार आहे, म्हणजे चेंजअप. पूर्वी हे कळायला हजारो चेंडू खेळावे लागायचे. नजरपट्टीला जुन्या चित्रफिती भरवल्या, की ती त्यांतल्या पिचरला हाडामांसाची करून समोर उभी करायची, पिच टाकायला लावायची आणि चेंडू सुटला रे सुटला की डोळ्यांपुढे अंधार करायची. त्या अंधारात ओळखायचं, काय आलं. जमायला लागलं की अंधार थोडा अलीकडे आणायचा.

“अंधार कुठे ठेवलायस?” कुंदाने विचारलं.

“तिचा हात डोक्यावर असतो ना, तिथे.”

“अगं, तेव्हा चेंडू सुटलेलासुद्धा नसतो!”

“हो ना.”

“मग सांगतेस कशावरून? पत्रिका बघतेस तिची?”

सम्यकाने पट्टी कपाळावर सरकवली. “तिला दुखतं ना मॅडम, तेव्हा राईज असतो.”

नळ गळतोय म्हणून सांगावं, तशा आवाजात ती हे म्हणाली आणि पाणी प्यायला वळली. कुंदाच्या हातातली बाटली मात्र तोंडापाशीच राहिली.

पट्टीतली ती पिचर कोण, हे कुंदाने मुलींना कधी सांगितलं नव्हतं. “जुनी विद्यार्थिनी” एवढंच. मुली तिला पट्टीतली ताई म्हणायच्या. पट्टी बनवणाऱ्या कंपनीकडे तयार पिचर होत्या, पण त्या सगळ्या सहा-सहा फुटी परदेशी बाया. त्यांच्यावर सराव करून जळगाव जिल्ह्यातल्या मुलींना काय कळणार? कुंदाकडे तर अकरा वर्षांपूर्वीच्या एका हंगामातल्या, जून ते जानेवारीच्या, रोज संध्याकाळच्या फिती होत्या. जाळीमागे मोबाईल उभा करून तिने एकाच मुलीची प्रत्येक पिच टिपली होती. तेजल फेगडेची. कंपनीच्या तंत्रज्ञाने, निनादने, सगळं भरून घेतलं होतं. “आवाज तेवढा काढून टाका,” असं कुंदाने त्याला सांगितलं होतं. “मागे रेल्वेचे भोंगे आहेत.”

भोंगे होतेच. ते काही खोटं नव्हतं.

“दे इकडे,” ती सम्यकाला म्हणाली.

“तुम्ही? तुम्हाला चक्कर येते ना?”

“आली तर धर.”

चक्कर हे कारणही तिने पहिल्या दिवशीच शोधून ठेवलेलं होतं. पट्टी आल्यापासून सात महिन्यांत तिने ती एकदाही घातली नव्हती.

समोर तेजल उभी होती. दातांत रबरबँड धरून केस वर ओढत. उजवा मोजा खाली घसरलेला. तळहात मांडीवर पुसायची तिची ती सवय. सतरा वर्षांची. कुंदाच्या आठवणीत तेजल इतकी वर्षं हळूहळू मोठी होत आली होती, हे तिला आत्ता कळलं. ही तर पोर होती.

तेजलने हात फिरवला. अंधार झाला.

“काय होता?” सम्यकाने विचारलं.

“मला काही दिसलं नाही.”

“तुम्ही हाताकडे बघताय मॅडम. हात सोडा. कानाखाली बघा, जबड्याच्या कोपऱ्यात.”

पाच वेळा काही नाही. सहाव्यांदा कुंदाला ते दिसलं. हात वर जाता जाता तेजलच्या कानाखाली एक दोरी ताणल्यासारखी झाली. गरम पातेलं सांडशीशिवाय उचलायचं ठरवलं की बाईमाणसाचा चेहरा होतो, तसा. क्षणभरच. मग अंधार.

“राईज,” कुंदा म्हणाली. पट्टीने टुणकन आवाज करून शाबासकी दिली.

“बघा! पण सुरुवातीच्या फितींत नसतं हे,” सम्यका उत्साहात सांगत होती. “जून-जुलै लावलं तर माझे निम्मे पण बरोबर येत नाहीत. ऑगस्टच्या एकोणीस तारखेपासून सगळं दिसायला लागतं.”

तेजलच्या दंडाच्या हाडातली गाठ सापडली ती फेब्रुवारीत, स्पर्धा संपल्यावर. पुढची दिवाळी तिने पाहिली नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्या आईने विचारलं होतं, “मॅडम, रोज तुमच्यासमोर असायची. कधीच काही दिसलं नाही का हो?” आणि कुंदा म्हणाली होती, “नाही हो वहिनी. शपथेवर सांगते.”

तेही ती खोटं बोलली नव्हती. ऑगस्ट ते जानेवारी, त्या सहा महिन्यांत ती मोबाईलच्या पडद्यावरचा वेगाचा आकडा बघत होती. मुलीकडे बघायचं राहून गेलं होतं. डिसेंबरात एकदा तेजल म्हणाली होती, “मॅडम, आज राईज नको ना.” त्यावर आपण काय बोललो, हे कुंदाला शब्दन् शब्द पाठ होतं. “राईज नको तर काय भरीत-भाकरी हवी? चल, अजून दहा.” सगळ्या मुली हसल्या होत्या. तेजलही हसली होती, आणि मग तिने दहा टाकले होते. काढून टाकलेल्या आवाजात ते सगळं होतं. जवळजवळ प्रत्येक फितीच्या शेवटी, भोंग्यांच्या अलीकडे, कुंदाचा स्वतःचा खणखणीत आवाज: अजून दहा.

तिने पट्टी काढली. घाम पुसला.

“चक्कर आली ना?” सम्यका म्हणाली. मग जरा चाचरत, “मॅडम, एक विचारू? राईज टाकताना सगळ्यांनाच दुखतं ना?”

“सगळ्यांना म्हणजे?”

“म्हणजे, अल्फियाला पण दुखतं. आधी नव्हतं, आत्ता महिनाभर झाला. म्हणून तर मी तिचे सगळे राईज मारते.”

“आणि तू बोलली नाहीस कोणाला?”

“मला वाटलं, राईज असाच टाकतात.”

अल्फिया तडवी ही कुंदाची आत्ताची पिचर. यावलहून रोज बसने येणारी, बोलायला तिखट, हाताने त्याहून तिखट. परवा जळगावला राज्य संघाची निवड होती आणि या वर्षी अल्फियाचं नाव पक्कं, असं सगळा जिल्हा धरून चालला होता.

कुंदाने तिला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. मैदान अजून तापलेलं नव्हतं.

“राईज टाक.”

अल्फियाने टाकला. जाळीमागे या वेळी मोबाईल नव्हता. कुंदाने स्वतःच्या डोळ्यांनी, कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात पाहिलं.

“कुठे दुखतंय?”

“कुठे काय? काही नाही.”

“अल्फिया.”

“अहो, उद्या निवड आहे! दुखलं तर मीच सांगेन ना तुम्हाला?”

“नाही सांगणार तू,” कुंदा म्हणाली. “कोणी सांगत नाही. ना आज राईज, ना उद्या निवड. आधी दवाखाना.”

अल्फियाने ग्लोव्ह जमिनीवर आपटला. “त्या सम्यकीने लावलं ना? काय ते, पट्टीत दिसतं म्हणे! पट्टीतल्या ताईला दुखत असेल, त्याचं माझ्यावर कशाला? अब्बांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलंय. काय तोंड दाखवू मी?”

“तोंड मला शिव्या द्यायला ठेव. हात ठेवायचा का नाही ते आज बघू.”

“तुम्ही माझा हात बघताय का दुसऱ्याच कोणाचा?”

कुंदाने निवडीच्या यादीवरचं तिचं नाव खोडलं. पेन नीट चालत नव्हतं म्हणून दोनदा खोडावं लागलं.

एक्स-रे साफ आला. अल्फियाने बाकावर बसून कुंदाकडे असं पाहिलं, की कुंदाला वाटलं, आपण एका पोरीचं वर्ष घालवलं. भूत दिसलं म्हणून घर सोडणाऱ्या बाईत आणि आपल्यात काही फरक राहिला नाही. तरी तिने एमआरआयचा हट्ट धरला. डॉक्टर वैतागले, मग त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

संध्याकाळी चित्र समोर आलं. कोपराच्या खालच्या हाडावर पांढरी, केसाएवढी चीर.

“आठ आठवडे चेंडूला हात लावायचा नाही,” डॉक्टर म्हणाले. “अजून पंधरा दिवस टाकत राहिली असती तर मधोमध मोडलं असतं. पण इतकं लवकर लक्षात कसं आलं तुमच्या?”

अल्फिया चित्राकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, “म्हणजे खरंच दुखत होतं.” ही बातमी तिलाही दुसऱ्याच कोणीतरी आणून दिल्यासारखी.

शाळेच्या मुली निवडीला तिच्याशिवाय गेल्या. अब्बा चार दिवस कुंदाशी बोलले नाहीत, पाचव्या दिवशी केळीचा घड पाठवून दिला. सगळं चांगलंच झालं होतं. फक्त कुंदाला आता हॉलच्या दारात उभं राहवत नव्हतं. आत मुली ओळीने उभ्या राहायच्या आणि एकेक जण आनंदाने ओरडायची: राईज! राईज! आणि त्या प्रत्येक हाकेआधी, रिकाम्या जागेत, एका मुलीच्या कानाखाली दोरी ताणली जायची. सहा मुली, चाळीस-चाळीस पिच, त्यांतला दर तिसरा राईज. दहा वर्षांपूर्वी मेलेल्या पोरीला दिवसातून ऐंशीदा दुखत होतं, आणि ते दुखणं ओळखण्याबद्दल आपण बाकीच्यांना गुण देत होतो.

तिने निनादला फोन लावला.

“ऑगस्टनंतरचं सगळं काढायचंय.”

“मॅडम, ते तुम्हीच काढू शकता. पट्टीच्या कडेला बटण आहे, पाच सेकंद दाबून धरा. पण मुलींचे गुण एकदम पडतील हं.”

“गुण पडू देत.” मग ती अडखळली. गुणांचं नव्हतंच. हे काढलं, तर पुढच्या अल्फियाचं दुखणं या मुलींना कोण दाखवणार? “निनाद, नुसतं दुखणं काढता येईल का रे? पिच राहू दे, चेहरा तेवढा बदल?”

“नाही ना. यंत्र पदरचं काही घालत नाही मॅडम, मुद्दाम तसं बांधलंय. नाहीतर मुली भलतंच शिकतील. फितीत जे एकदाही घडलं नाही, ते पट्टीत दिसणार नाही. आणि पट्टीला ऐकू येतात ते फक्त पिचच्या नावाचे शब्द. बाकी तुम्ही समोर गाणं म्हटलंत तरी तिला पत्ता लागणार नाही.”

सोमवारी प्रार्थनेच्या आधी कुंदा हॉलमध्ये एकटी गेली. खिडक्यांतून सकाळचं कोवळं ऊन फरशीवर आलं होतं. तिने पट्टी चढवली, जानेवारीच्या फिती लावल्या आणि बोट बटणावर ठेवलं. ठरलेलं काहीच नव्हतं. पाच सेकंदांत ठरेल, असं तिला वाटलं.

तेजलने तळहात मांडीवर पुसला. चेंडू धरला. हात वर निघाला आणि कानाखाली ती दोरी ताणली.

“थांब, तेजल,” कुंदा म्हणाली. ऐकणारं कोणी नाही, हे माहीत असूनच ती म्हणाली. “आज नको टाकूस. दुखतंय ना? बस झालं आज.”

हात डोक्यावर पोचला. इथे अंधार व्हायला हवा होता.

अंधार झाला नाही. हात तिथेच राहिला, मग सावकाश खाली आला. तेजलने चेंडू ग्लोव्हमध्ये टाकला. जबड्याचा कोपरा सैल झाला, खांदे उतरले, आणि ती समोर पाहत राहिली, नीट ऐकलं ना आपण, याची खात्री करून घ्यायला पुन्हा एकदा विचारावं की नाही, असं.

जून ते जानेवारी. त्या सगळ्या संध्याकाळी कुंदा जाळीमागे उभी होती, आणि त्यांतल्या एकाही संध्याकाळी कोणी या मुलीला थांब म्हटलं नव्हतं, हे तिच्याइतकं नक्की जगात दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं.

मग हा सैल झालेला चेहरा कुठल्या फितीतला होता?